एमएक्स-५ चं सॉफ्ट टॉप गळतंय? सिलिकॉनची ट्यूब उघडण्याआधी हे क्रमाने करा

युकेत सेकंड हँड माझदा एमएक्स-५, म्हणजे कापडी किंवा व्हिनाइलचं घडीचं छत (सॉफ्ट टॉप) असलेली छोटी गाडी घेतली की पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न ठरलेला असतो, सीटच्या मागे पाणी साठतंय, कुठलं सिलिकॉन लावू? आणि उत्तर मिळायच्या आधीच बऱ्याच जणांनी ट्यूब आणून काचेच्या कडेने पांढरी रेघ ओढलेली असते, वरून वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारलेला असतो, आणि पुढच्या पावसात पाणी परत तिथेच. या गाडीत पाणी दिसतं एका जागी आणि शिरतं दुसऱ्याच जागेतून, आणि बहुतेक वेळा दोष कापडाचा नसतोच. तो असतो तुंबलेल्या ड्रेनचा म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या वाटेचा, सरकलेल्या काचेचा, नाहीतर वर्षानुवर्षं दबून चपट्या झालेल्या रबराचा. कापड बघायचं सगळ्यात शेवटी.

हे काम उन्हाळ्यावर ढकलू नका. सीटमागचं पाणी कार्पेटपुरतं राहत नाही, ते दाराखालच्या पोकळ बॉक्समध्ये उतरतं, ज्याला इथले मेकॅनिक सिल म्हणतात. तो आतून गंजतो, बाहेरून मागच्या चाकाच्या पुढे फुगवटा दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते. सीटबेल्टच्या माउंटिंगपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत नापास होते, आणि मग वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतो. चांगल्या इंजिनाच्या गाड्या केवळ या एका कारणाने भंगारात जातात, आणि त्यातल्या कित्येक अर्ध्या तासाच्या ड्रेन सफाईने वाचल्या असत्या.

खालचं सगळं मुख्यतः मार्क १ (मार्क म्हणजे मॉडेलची पिढी) म्हणजे १९८९ ते १९९७ आणि मार्क २ म्हणजे १९९८ ते २००५ या गाड्यांना धरून आहे. मार्क ३ मध्ये जिथे फरक आहे तिथे सांगितलंय.

सामान आणि तयारी

काम करायला कोरडा दिवस निवडा, आणि शक्यतो आदल्या दिवशीही पाऊस नको, कारण ओल्या गाडीत गळती शोधणं म्हणजे वेळ वाया. एक माणूस मदतीला लागेल, ही टेस्ट एकट्याने नीट होत नाही. बागेचा साधा पाणी मारायचा पाइप, चांगला टॉर्च, टॉयलेट रोल किंवा जुने पेपर, मास्किंग टेप, टाल्कम पावडर, ओलं ओढणारा व्हॅक्युम, मऊ ब्रश, सौम्य साबण, १० आणि १४ चे पाने, आणि ड्रेनसाठी एखादी लवचिक गोष्ट. गवत कापायच्या स्ट्रिमरची जाड नायलॉन दोरी छान चालते, पडद्याची प्लास्टिक चढवलेली स्प्रिंगही चालते.

प्रेशर वॉशर बाहेर काढूच नका. त्याच्या धारेने धडधाकट रबरातूनही पाणी आत जातं, मग तुम्ही नसलेली गळती शोधत बसता, आणि व्हिनाइलच्या शिवणी उसवतात ते वेगळंच.

सावधान: टॉप ओलं असताना घडी घालून ठेवायचं नाही, बुरशी धरते. मार्क १ ला मागे प्लास्टिकची खिडकी आणि झिप असते, टॉप खाली करण्याआधी झिप उघडून खिडकी सपाट पसरायची. थंडीत ते प्लास्टिक कडक होतं आणि घडीवर तडकतं, म्हणून गाडी आतून गरम केल्याशिवाय हात लावू नका.

१. पाणी नक्की कुठे आहे ते लिहून काढा

हा भाग सगळे उडवतात, आणि नंतर चुकीचा पार्ट मागवतात. टॉपला हात लावण्याआधी हाताने दाबून दाबून ओल कुठे आहे ते बघा आणि कागदावर लिहा. नुसतं वरून चाचपून उपयोग नाही, कार्पेटखाली जाड थर असतो तो पाणी धरून ठेवतो, वरचं कार्पेट कोरडं लागतं आणि खाली तळं असतं.

सीटच्या मागच्या फळीवर किंवा सीटबेल्टच्या उंच खांबांच्या मुळाशी ओल असेल तर पहिला संशय ड्रेनवर, दुसरा रेन रेलवर, म्हणजे टॉपच्या मागच्या कडेखालच्या पन्हळीवर. गाडी चालवताना मांडीवर किंवा गुडघ्यावर थेंब पडत असतील तर समोरचा वरचा कोपरा, जिथे ए पिलरचं म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं रबर, समोरच्या फ्रेमवरचं रबर आणि टॉपच्या बाजूचं रबर असे तीन तुकडे एकत्र येतात. खांद्यावर थेंब म्हणजे काच आणि बाजूचं रबर.

पुढे पायाखाली पाणी असेल आणि सीटमागे कोरडं असेल तर टॉपला दोष देऊ नका. वायपरच्या खालच्या खोबणीत पानं कुजून तिथलं ड्रेन बुजतं आणि पाणी आत वळतं, किंवा दाराच्या आतलं प्लास्टिक फाटलेलं असतं. या दुसऱ्या कारणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दारात पाणी शिरणं नॉर्मल आहे, काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत जाऊन खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या पॅनलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते आत येऊ देत नाही. आधीच्या कुठल्या मालकाने स्पीकर बदलले असतील तर तो पडदा बहुतेक वेळा फाडलेला किंवा अर्धवट चिकटवलेला सापडतो.

डिकीत पाणी असेल तर तो वेगळा विषय: टेल लाइटचे गॅस्केट, अँटेनाचा बूड, डिकीचं रबर. मार्क १ आणि मार्क २ मध्ये बॅटरी डिकीतच असते म्हणून स्टेपनीच्या आसपास पाणी दिसलं तर तेही लगेच बघा.

२. ड्रेन साफ करा, गळती कुठलीही असो

हे आधी का, तर ड्रेन तुंबलेलं असताना बाकीची कुठलीही टेस्ट खोटी येते. टॉपच्या मागच्या कडेखाली एक प्लास्टिकची पट्टी असते, तिला रेन रेल म्हणतात, आपल्या कौलारू घराच्या पागोळ्यांखाली पन्हळ असते तेच काम ती करते, टॉपवरून ओघळलेलं पाणी झेलून दोन्ही बाजूंना नेते. तिथे सीटबेल्टच्या खांबांच्या मागे दोन्हीकडे एकेक ड्रेनचं भोक असतं आणि पाणी मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीच्या खाली पडतं. या भोकात पानं, पाइनच्या सुया, टॉपचे धागे आणि धूळ मिळून काळा चिखल बसतो.

टॉप अर्धवट उचला, म्हणजे पुढची लॅच (टॉपला समोरच्या काचेच्या फ्रेमला अडकवणारी कडी) उघडून मागे थोडं उभं धरा, टॉर्च मारा, भोक दिसेल. आधी हाताने आणि व्हॅक्युमने वरचा कचरा काढा. मग नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत खाली सोडा, अडली की जोर न लावता मागे घ्या, फिरवा, परत सोडा. अधूनमधून थोडं कोमट पाणी ओता. खालून काळं पाणी यायला लागलं की ते स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवा.

सावधान: टोकदार तार, कपड्याच्या हँगरची तार वगैरे घालू नका. आतली नळी फाटली तर पाणी थेट सिलमध्ये जाईल, म्हणजे जे वाचवायचं होतं तेच घालवलं. वरून कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, कचरा आणखी खाली घट्ट बसतो किंवा नळी जागेवरून सुटते. खूपच घट्ट बसलं असेल तर व्हॅक्युमचं तोंड भोकावर कपड्याने आवळून वर ओढा.

मार्क ३ मध्ये ड्रेनच्या तोंडाशी जाळीवाला फिल्टर असतो. तो वर काढून धुवायचा आणि परत बसवायचा. काही जण तो काढूनच टाकतात, म्हणजे पानं अडायची बंद होतात आणि पुढची अडचण नळीत खोल तयार होते. तसं करू नका.

तपासा: दोन्ही बाजूंना एकेक लिटर पाणी सावकाश ओता. जेवढं ओतलं तेवढं लगेच खाली पडायला हवं. पडायला वेळ लागत असेल तर अजून तुंबलंय. पाणी खाली न येता कुठेतरी गायब होत असेल तर थांबा, नळी फुटलीय किंवा सुटलीय, ती दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊन काही उपयोग नाही.

बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं. पण ते संपलंय हे पुढची टेस्ट केल्याशिवाय म्हणायचं नाही.

३. आतलं खरोखर कोरडं करा

ओल्या गाडीत नवीन थेंब दिसत नाही म्हणून हे टेस्टच्या आधी. सीट काढाव्या लागतात, घाबरण्यासारखं काही नाही, प्रत्येकी चार बोल्ट आणि १४ चा पाना. सीटखालचे वायरचे कनेक्टर आधी सोडवा, मार्क १ मध्ये हेडरेस्टच्या स्पीकरच्या वायर असू शकतात, त्या ओढून तोडू नका.

सावधान: सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा बेल्टच्या सिस्टिमचा असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पंधरा मिनिटं तरी थांबा, मगच सोडवा, आणि सीट परत जोडेपर्यंत इग्निशन चालू करू नका.

कार्पेट उचला, खालचा जाड थर बाहेर काढता आला तर उत्तम, नाही आला तर खाली लाकडाचे तुकडे घालून वर धरा म्हणजे हवा खेळेल. व्हॅक्युमने जेवढं ओढता येईल तेवढं ओढा, मग गाडीत डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतला ओलावा ओढणारं मशीन लावून काचा बंद ठेवा. डीह्युमिडिफायर चालू असताना काच उघडी ठेवणारे बरेच भेटतात, मग ते मशीन सगळ्या गल्लीची हवा कोरडी करत बसतं. एक-दोन दिवस लागतील. हीटर लावून गाडी चालवल्याने वरचं वाळतं, खालचं नाही.

कार्पेट वर आहे तोपर्यंत फ्लोअरचा पत्रा आणि सीटबेल्टच्या खांबाच्या मुळाशी गंज बघून घ्या. वरवरचा असेल तर घासून प्रायमर मारा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर आधी वेल्डरला दाखवा.

४. पाण्याची टेस्ट, खालून वर

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लोक टॉपवर वरून पाणी ओततात, पाणी सगळीकडून ओघळतं, चार ठिकाणी आत दिसतं, आणि कुठून आलं ते काहीच कळत नाही. खालून सुरुवात केली की पाणी आत आल्याबरोबर तुम्हाला माहीत असतं की ते या पातळीच्या वरून आलेलं नाही.

पाइपला नोझल लावू नका, पाणी नुसतं वाहू द्या. एक जण आत टॉर्च आणि टॉयलेट पेपर घेऊन, एक जण बाहेर. प्रत्येक जागी पाच मिनिटं तरी पाणी सोडा, घाई केली तर सावकाश झिरपणारी गळती सुटून जाते. संशयाच्या जागी टॉयलेट पेपरचे तुकडे चिकटवून ठेवा, एक थेंब पडला तरी लगेच डाग दिसतो.

क्रम असा: आधी डिकीची कड आणि टेल लाइट. मग दाराचा खालचा अर्धा भाग आणि काच दारात जाते ती रेघ. मग वायपरखालची खोबण. मग टॉपची मागची खालची कड, दोन्ही कोपऱ्यांसकट. मग बाजूच्या काचांच्या कडा, मागून पुढे. मग पुढचे वरचे कोपरे. मग समोरच्या काचेवरची फ्रेम. आणि हे सगळं कोरडं निघालं तरच शेवटी कापडावर.

पहिला थेंब दिसला की पाणी बंद करा, बाहेरून त्या जागी मास्किंग टेप लावून खूण करा, आतली जागा पुसा, आणि तेवढाच भाग पुन्हा एकदा भिजवून खात्री करा. मगच पुढची जागा. एकापेक्षा जास्त गळत्या असणं अगदी कॉमन आहे, एक सापडली म्हणून थांबू नका.

तपासा: आतल्या माणसाने थेंब पडतो ती जागा नाही, तो जिथून ओघळत येतो ती वरची वाट शोधायची. फ्रेमच्या दांड्यावरून पाणी बराच लांब सरकत येतं आणि वळणावर सुटतं.

५. रबर बदलण्याआधी लॅच, मग काच

रबरातून गळतंय म्हणजे रबर खराब, असं धरून लोक पूर्ण सेट मागवतात. तो महाग असतो आणि बऱ्याचदा जुन्या रबराला फक्त नीट दाब मिळत नसतो. म्हणून आधी साफसफाई: सौम्य साबणाच्या पाण्याने सगळी रबरं पुसा, खाचांतली माती काढा, वाळू द्या. आधीच्या मालकाचं सिलिकॉन सापडलं तर नखाने किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने पूर्ण काढा. सिलिकॉन वाईट का, तर ते रबराला दबूच देत नाही आणि शेजारी नवीन फट तयार करतं, शिवाय त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही.

आता पहिले लॅच. समोरच्या दोन्ही लॅचची पकड कमी-जास्त करता येते. टॉप बंद करताना हाताला ठाम विरोध जाणवला पाहिजे, पण लटकावं लागू नये. सैल असेल तर दोन्ही बाजूंना सारखं थोडं थोडं घट्ट करा. खूप आवळलं तर समोरचं रबर कायमचं चपटं होतं आणि लॅचवर ताण येतो, म्हणजे आज थांबलेली गळती पुढच्या वर्षी दुप्पट होऊन परत येईल.

लॅच झाल्यावरच काच. हा क्रम उलटा करू नका, लॅच घट्ट केली की टॉपची पूर्ण चौकट किंचित पुढे-खाली बसते, मग आधी लावलेली काच परत चुकते.

या गाडीत काचेला वर फ्रेम नाही, ती सरळ रबरावर दाबून बसते, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा फरकही पाणी आत घ्यायला पुरतो. टेस्ट सोपी आहे, कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरून दार बंद करा, काच पूर्ण वर असू द्या, आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखा विरोध हवा. जिथे पट्टी सहज सुटते तिथे फट आहे. समोरच्या फ्रेमसाठी रबरावर टाल्कम पावडर लावा, टॉप लॅच करा, उघडा, पावडरचा ठसा जिथे तुटलेला दिसेल तिथे दाब नाही.

काच आत किंवा वर आणायची तर दाराचं पॅनल काढावं लागतं, आत बोल्ट आणि स्टॉप असतात. सैल करण्याआधी प्रत्येक बोल्टची मूळ जागा मार्करने आखून ठेवा, नाहीतर परत यायला वाट राहणार नाही. एका वेळी एकच बोल्ट, एकदम थोडा. पॅनल काढलेलंच आहे तर आतला प्लास्टिकचा पडदा बघा, फाटला असेल तर नवीन जाड प्लास्टिक कापून ब्युटाइलच्या (चिकट, मऊ रबरी) पट्टीने पूर्ण कडेने चिकटवा, आणि दाराच्या तळाची भोकं मोकळी करा.

सावधान: काच फार आत ओढली तर दार बंद करताना ती रबराच्या कडेवर आपटते आणि रबर फाटतं. दरवेळी दार हळू बंद करून आधी बघा.

६. रबर: सांभाळा, नाहीतर बदला

एवढं करूनही पट्टी सुटत असेल तर मग रबराकडे वळा. ते नुसतं कोरडं पडलं असेल तर रबरासाठीचं कंडिशनर, इथे गुम्मी फ्लेगे नावाने मिळतं तसलं, कापडाने पातळ चोळा, रात्रभर ठेवा, परत टेस्ट करा. व्हॅसलीन, ग्रीस, डब्ल्यूडी-४० यातलं काही लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि सैल पडतं.

रबराला चिरा असतील, जोडावर तुकडे आखडून फट पडली असेल किंवा बोटाने दाबल्यावर ते परत वर येत नसेल तर बदला. टॉपच्या बाजूला प्रत्येकी तीन तुकडे असतात, एकटा पुढचा तुकडा नवीन आणि मागचे जुने असं केलं तर जोडावर उंची जमत नाही, म्हणून एका बाजूचे तिन्ही एकदम बदला. जुनं रबर धातूच्या पट्टीत बसलेलं असतं आणि पट्टी स्क्रूने चौकटीवर. पट्टी काढली तर तिच्यामागचा जुना चिकट थर पूर्ण साफ करून नवीन ब्युटाइल लावा. पट्टीमागून शिरणारं पाणी अगदी रबरातून आल्यासारखं दिसतं, आणि मग नवीन रबर घालूनही गळतंय म्हणून लोक वैतागतात.

ए पिलरच्या वरच्या कोपऱ्यातला वळलेला तुकडा नीट तपासा. रोज दार उघडताना तिथे काच घासते आणि तो आतल्या बाजूने फाटतो, बाहेरून दिसत नाही.

७. रेन रेल

टेस्टमध्ये मागची खालची कड भिजवल्यावरच आत पाणी आलं आणि ड्रेन साफ आहे, तर रेन रेल तडकलेली असणार, शक्यतो खांबाजवळच्या वळणावर. वयाने प्लास्टिक कडक होतं आणि तिथेच मोडतं.

पोचायला सीटमागचं कार्पेट काढावं लागतं, त्याच्या प्लास्टिक क्लिप जुन्या असल्या की तुटतातच, आधीच काही नवीन आणून ठेवा. खाली धातूच्या पट्ट्या दिसतील, त्या १० च्या नटांनी आवळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये टॉपची कड आणि रेन रेल दोन्ही धरलेले असतात. नट गंजलेले असतील तर आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि हाताच्या पान्यानेच सोडवा. इम्पॅक्ट गन लावली तर खालचे खिळे मोडतात, आणि ते परत बसवणं मूळ कामापेक्षा मोठं होऊन बसतं.

छोटी चीर असेल तर दोन्ही बाजू साफ करून आतून लवचिक वॉटरप्रूफ टेपचा लांब तुकडा लावून काही काळ निभतं. तुकडाच पडला असेल तर नवीन रेल घाला. आणि टॉप बदलायचंच ठरवलं असेल तर रेन रेल त्याच्यासोबतच बदला, दोन्हीसाठी तेच नट काढायचे असतात, पुन्हा सगळं उघडण्यात अर्थ नाही.

तपासा: बसवल्यावर नट पूर्ण आवळण्याआधी रेलवर मगभर पाणी ओतून ते दोन्हीकडे ड्रेनच्या भोकातच पडतंय का बघा. रेलचं टोक भोकाच्या बाहेर राहिलं तर सगळं पाणी थेट खांबाच्या मुळाशी.

८. आता कापड

आधी ओळखा तुमचं टॉप व्हिनाइलचं आहे की मोहेअर म्हणजे विणलेल्या कापडाचं. मार्क १ आणि २ मध्ये कंपनीकडून बहुतेक व्हिनाइल यायचं, काही स्पेशल एडिशनला मोहेअर, आणि नंतर बदललेलं कुठलंही असू शकतं. व्हिनाइल स्वतःच पाणी सोडत नाही, त्यावर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारणं म्हणजे पैसे धुवायला टाकणं. त्याची गळती असते ती शिवणीत, घडीच्या चिरेत, किंवा मार्क २ मध्ये मागची काच जिथे व्हिनाइलला चिकटवलेली असते त्या कडेला.

शिवणीसाठी शिवणीचंच सीलर मिळतं, टॉप ताणून बंद केलेलं असताना साफ कोरड्या शिवणीवर पातळ दोन हात. चिरेसाठी आतून व्हिनाइलचा गोल कोपऱ्यांचा तुकडा लवचिक गोंदाने लावा, चौकोनी कोपरे उचकटतात. काचेची कड हातभर सुटली असेल तर चिकटवण्यात वेळ घालवू नका, ते टिकत नाही, टॉप बदलायची तयारी करा.

मोहेअरवर पाणी शिंपडून बघा. गोळे होऊन ओघळलं तर ठीक, कापड काळं पडून शोषून घेतलं तर प्रूफर म्हणजे कापड वॉटरप्रूफ करणारं द्रव लागेल. आधी हूड क्लीनरने (कापडी टॉपसाठीच्या साबणाने) धुवा, हिरवं शेवाळ मऊ ब्रशने काढा, ब्लीच नको. भरपूर पाण्याने साबण काढून टाका, साबण राहिला तर प्रूफर धरत नाही. पूर्ण दिवस वाळू द्या. मग काचा आणि रंग झाकून प्रूफर लावा, सारखा, शिवणींवर थोडा जास्त, आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ पाऊस लागू देऊ नका. इथल्या हवेत म्हणजे अंदाज बघून मे ते सप्टेंबर.

९. परत टेस्ट, आणि मगच कार्पेट

चौथ्या भागातली टेस्ट पूर्ण, तोच क्रम, तोच वेळ. कोरडं निघालं तरी सीट बसवा पण मागचं कार्पेट आणि फळी तशीच उघडी ठेवून एक-दोन खरे पाऊस जाऊ द्या, उतारावर उभी करून आणि चालवूनसुद्धा, कारण हायवेवर वाऱ्याच्या दाबाने टॉप किंचित उचललं जातं आणि उभ्या गाडीत न दिसलेली समोरची गळती तेव्हा दिसते. पत्र्यावर पेपर पसरून ठेवा.

महाराष्ट्रात २०२० नंतरच्या थारचं कन्व्हर्टिबल टॉप असलेल्यांना यातलं रेन रेल आणि मागच्या ड्रेनचं वर्णन तसंच्या तसं लागू होणार नाही, पण खालून वर पाण्याची टेस्ट, कागदाची पट्टी, टाल्कम आणि रबराआधी दाब बघणं हे सगळं तसंच करायचं. तिथे फ्लोअरला ड्रेन प्लग असतात, ते काढून साठलेलं पाणी सोडा आणि परत घट्ट बसवा, उघडे राहिले तर रस्त्यावरचं पाणी खालून आत येईल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर हे सगळं मे महिन्यातच उरकायचं, जुलैच्या हवेत कार्पेट वाळतही नाही आणि गोंद धरतही नाही.

इंग्लंडमध्ये झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर ड्रेन ऑक्टोबरमध्ये एकदा आणि पानं गळून संपल्यावर डिसेंबरमध्ये एकदा, दोन्ही बाजूंना लिटरभर पाणी ओतून बघायचं. खालून लगेच पडलं नाही तर त्याच दिवशी नायलॉनची दोरी काढायची.